आधी लॅब, मग एसओपी

वाचकाचं पत्र:

"ताई, मी निफाड तालुक्यातली. नाशिकला हॉस्टेलवर राहून मायक्रोबायोलॉजीत टीवायबीएस्सी करते आहे. सीजीपीए ७.९ आहे. घरी द्राक्षबाग. डाऊनी या द्राक्षवेलीच्या रोगानं लागोपाठ दोन हंगाम आमचं फार नुकसान केलं, तेव्हापासून डोक्यात आहे की यावरच संशोधन करायचं, पीएचडी करायची. कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये मी बागेतल्या मातीतून ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी वेगळी केली आणि करपा रोगाच्या बुरशीवर तिची चाचणी घेतली. मागच्या महिन्यात कॉलेज रोडवरच्या एका कन्सल्टन्सीत गेले. ते म्हणाले, भारतात बायोलॉजीला स्कोप नाही, बाहेर मास्टर्स कर, एसओपी (अर्जासोबतचं स्वतःबद्दलचं निवेदन) आणि शिफारसपत्रं आम्ही लिहून देऊ. पाच हजार टोकन भरलंय. वडील जमिनीवर कर्ज काढायला तयार आहेत. मामा म्हणतो बी.एड. कर. मैत्रिणी एमएस्सी प्रवेशाच्या जॅम परीक्षेचा क्लास लावताहेत. माझं कॉलेज साधं, दहावीपर्यंत मराठी माध्यम. मोठ्या संस्थेत मला कोण घेणार? काय करू?"

तुझ्या सगळ्यात मोठ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. जमिनीवर कर्ज काढू नका. या वर्षी तर नाहीच. जीवशास्त्रातल्या चांगल्या पीएचडीला तू पैसे भरायचे नसतात, तिथे तुला दरमहा पैसे मिळतात. आपल्याकडे नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर १ जानेवारी २०२३पासूनच्या दरानं पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये, वर नियमाप्रमाणे घरभाडं भत्ता. अमेरिकेतल्या बहुतेक जीवशास्त्राच्या पीएचडीत फी माफ असते आणि महिन्याचं वेतनही मिळतं. मग कन्सल्टन्सी तुला पीएचडीबद्दल एक शब्दही का बोलली नाही? कारण अशा बऱ्याच कन्सल्टन्सींना कमिशन मिळतं ते फी भरून करायच्या मास्टर्सच्या प्रवेशांवर. पीएचडीच्या प्रवेशात त्यांच्या हाती काही लागत नाही. एवढं लक्षात ठेवलंस की त्यांचा सल्ला किती मनावर घ्यायचा ते तुझं तुलाच ठरवता येईल.

आता तुझ्या पत्रातल्या ज्या ओळीवर मी थांबले, तिच्याकडे येते. तुला डाऊनीवर काम करायचंय, आणि प्रोजेक्ट केलास करप्यावर. तू हे सहज लिहून गेलीस, पण मुलाखतीला बसलेला माणूस नेमका इथेच बोट ठेवेल. "डाऊनीवर का नाही केलंत?" असं तो विचारेल. याचं उत्तर तुझ्या सरांना माहीत असणार, आणि ते तुला स्वतःच्या शब्दांत सांगता यायला हवं. डाऊनीचा जीव, प्लाझ्मोपारा व्हिटिकोला, प्लेटमधल्या माध्यमावर वाढतच नाही. त्याला वेलीच्या जिवंत पेशी लागतात. शिवाय आपण त्याला बुरशी म्हणत असलो तरी तो खऱ्या बुरशीत मोडत नाही. तो ऊमायसीट आहे, नात्यानं तपकिरी शेवाळाच्या जवळचा. म्हणूनच बुरशीवर चालणारी प्रत्येक गोष्ट त्याच्यावर चालेल असं धरून चालता येत नाही. तुझ्या प्लेटमध्ये ट्रायकोडर्मानं करप्याच्या कोलेटोट्रायकमला मागे रेटलं, यावरून तो डाऊनीला रोखेल हे सिद्ध होत नाही. हे तू स्वतःहून, कुणी विचारायच्या आत बोललीस, तर समोरच्याच्या नजरेत तुझं वजन त्या क्षणी वाढेल. ७.९चा सीजीपीए त्यानंतर कुणी फार उगाळत बसत नाही.

त्या प्रोजेक्टवर आणखी काय विचारतील तेही लिहून ठेव. प्लेटच्या एका कडेला ट्रायकोडर्मा, दुसऱ्या कडेला कोलेटोट्रायकम, बरोबर? मग कंट्रोल प्लेट, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेली, कोणती होती? किती प्लेट एकाच वेळी लावल्या? ट्रायकोडर्मा मुळातच भराभर वाढतो. मग करप्याची बुरशी थांबली ती जागा आणि अन्न संपलं म्हणून, ट्रायकोडर्मानं एखादं द्रव्य सोडलं म्हणून, की त्यानं तिला वेटोळे घालून खाल्लं म्हणून? ही तीन कारणं वेगवेगळी कशी काढशील? ट्रायकोडर्मा वाढवलेलं द्रव गाळून फक्त ते गाळलेलं पाणी माध्यमात मिसळून बघता येतं. दोन प्लेटच्या तळ्या तोंडाला तोंड लावून सील केल्या तर फक्त वायूरूप द्रव्याचा परिणाम दिसतो. दोघांची जिथे गाठ पडते तिथला तंतूंचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघता येतो. यातलं काहीच तू केलं नसशील तरी बिघडत नाही. "हे केलं नाही, पण पुढे असं करेन" हे शांतपणे सांगता आलं पाहिजे. आणि मुळात ती करप्याचीच बुरशी होती हे कशावरून? निरोगी पानावर ती टोचून तसाच डाग उमटतो का, हे बघितलंस का? बघितलं नसेल तर बाग घरचीच आहे, आज सुरू केलंस तरी आठ-दहा दिवसांत कळेल.

हे सगळं इतकं लांबवून लिहिते आहे, कारण मी वर्षानुवर्षं मुलांचे अर्ज वाचत आले आहे आणि माझं मत त्यातूनच पक्कं झालंय. एसओपी, शिफारसपत्र, मुलाखत, या तिन्हींचा कच्चा माल एकच आहे: तू लॅबमध्ये काय केलंस आणि त्यावर काय विचार केलास. तो माल असेल तर तिन्ही गोष्टी जमतात. तो नसेल तर सर्वांत महागड्या कन्सल्टन्सीनं लिहिलेला कागदही पहिल्या तीन प्रश्नांत उघडा पडतो. म्हणून फॉर्मच्या नादी लागण्याआधी येते चार-सहा महिने हातानं काम कर. पीएचडी पाच-सहा वर्षांची असते, आणि त्यातले बरेच दिवस काहीच न उगवलेल्या प्लेटकडे बघण्यात जातात. ते तुला सोसतं का, किंबहुना आवडतं का, हे आत्ताच कळलेलं बरं.

आणि तुझ्याजवळ असं काम आहे जे पुण्या-मुंबईतल्या मुलांना सहज मिळत नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर पालवी फुटते, सकाळी दव पडतं, एखादा पाऊस होतो आणि पानाच्या मागच्या बाजूला पांढरी लव दिसायला लागते. ती लव म्हणजे त्या जिवाची बीजाणुधानी, बीजाणू तयार होतात तो भाग. सकाळी असं ताजं पान आणायचं, लव मऊ ब्रशनं थोड्या निर्जंतुक पाण्यात उतरवायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजायची. मग फवारणी न झालेल्या वेलीच्या कोवळ्या पानांच्या गोल चकत्या कापायच्या. पेट्रीप्लेटमध्ये ओला फिल्टर पेपर ठेवून त्यावर चकत्या मागची बाजू वर करून मांडायच्या, कारण हा जीव पानात शिरतो तो मागच्या बाजूच्या रंध्रांतून. प्रत्येक चकतीवर त्या पाण्याचा थेंब ठेवायचा. काही चकत्यांवर नुसतं पाणी, काहींवर आधी तुझ्या ट्रायकोडर्माचं गाळलेलं द्रव. खोली थंड, प्लेट झाकलेली. साधारण आठवड्यात कंट्रोलच्या चकत्यांवर पांढरी वाढ दिसू लागेल. याला ना महागडं यंत्र लागतं ना मोठी ग्रँट. सरांना विचारून कॉलेजच्या लॅबचा एक कोपरा दिवाळीपर्यंत माग. वडिलांना सांगून बागेच्या कडेच्या चार-पाच वेली फवारणीविना ठेवायला लाव. त्यांना हे पटायला जड जाईल, पण कर्जापेक्षा ते खूपच स्वस्त आहे. निकाल उलटसुलट आला तरी चालेल. तारीखवार वही ठेव, फोटो काढ, फसलेल्या प्लेटही नोंदव.

याच विषयावर पुण्यात काम करणारी माणसं आहेत. मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. आघारकर संशोधन संस्थेनं कॅटॉबा आणि ब्यूटी सीडलेस यांच्या संकरातून एआरआय-५१६ हे रसाचं द्राक्ष तयार केलं, बुरशीजन्य रोगांना ते बऱ्यापैकी तोंड देतं. पाषाणला आयसर ही विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था आणि एनसीएल ही राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, गणेशखिंडीच्या विद्यापीठ आवारात एनसीसीएस हे पेशीविज्ञानाचं राष्ट्रीय केंद्र, सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह तेच सांभाळतं. संस्थेच्या नावापासून सुरुवात करू नकोस. त्यांच्या वेबसाइटवर जाऊन एकेका शास्त्रज्ञाचं पान उघड, त्याचा अलीकडचा एक पेपर काढ आणि समजेल तेवढा वाच. मग त्याला मेल कर. मेल इंग्रजीत, आठ-दहा ओळींचा. पहिल्या ओळीत तू कोण. दुसऱ्यात त्याच्या पेपरमधली नेमकी कुठली गोष्ट तुला पटली किंवा कळली नाही. मग तुझा प्रोजेक्ट दोन ओळींत. मग मागणी: हिवाळ्याच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत सहा-आठ आठवडे काम करता येईल का. सोबत एका पानाचा बायोडेटा. "रिस्पेक्टेड सर, आय ॲम हाइली पॅशनेट" असा मेल त्यांना रोज येतो, आणि तोच मजकूर चाळीस जणांना पाठवलेला लगेच ओळखू येतो. बरेच जण उत्तर देणार नाहीत. पंधरा दिवसांनी एकदा आठवण कर आणि पुढच्या नावाकडे वळ. तीन विज्ञान अकादम्या मिळून उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात, दोन महिन्यांची. तिचे अर्ज साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात निघतात. अटी वाचून बसत असशील तर तोही भर.

आता रस्ते. तुझ्या बागेत छाटणीच्या तारखेवरून पुढच्या सगळ्या फवारण्या मोजतात, तसं या वर्षी सगळं परीक्षांच्या तारखांवरून मोज. बीएस्सीनंतर थेट एकात्मिक पीएचडीला, म्हणजे मास्टर्स आणि पीएचडी एकत्र असलेल्या अभ्यासक्रमाला, जाता येतं. बंगळुरूची आयआयएस्सी (भारतीय विज्ञान संस्था) त्यासाठी जॅमचा निकाल बघते. तिथलंच एनसीबीएस हे जीवशास्त्राचं संशोधन केंद्र आणि मुंबईची टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) यांच्यासाठी जेजीईईबीआयएलएस ही परीक्षा असते, साधारण डिसेंबरात. ती पाठांतरावर भागत नाही, त्यात आलेख आणि प्रयोग समोर ठेवून विचार करायला लावतात. तुझ्यासारख्या मुलीला ती जॅमपेक्षा जवळची वाटेल असा माझा अंदाज आहे. जॅम फेब्रुवारीत, अर्ज सप्टेंबर-ऑक्टोबरात. तुझा पेपर बायोटेक्नॉलॉजीचा. तीन तास, ६० प्रश्न, १०० गुण. साध्या पर्यायी प्रश्नांत चुकलं की गुण कापतात, पण एकाहून जास्त बरोबर उत्तरांच्या आणि आकडा लिहायच्या प्रश्नांत कापत नाहीत, म्हणून ते कोरे सोडायचे नाहीत. त्यात बारावीच्या पातळीचं गणित, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्रही असतं. अकरावी-बारावीला गणित सोडलेली मुलं तिथेच अडकतात. तू सोडलं असशील तर आजपासून रोज एक तास तेवढ्यासाठीच दे. क्लास लावायचाच असेल तर लाव, पण मागच्या प्रश्नपत्रिका मोफत मिळतात आणि सार्वजनिक वाचनालयात किंवा कॉलेजच्या अभ्यासिकेत दोघी-तिघींनी मिळून त्या सोडवल्या तरी भागतं.

एमएस्सीचा रस्ताही कमी प्रतीचा नाही. जॅमवरून आयआयटीत, गॅट-बी या प्रवेशपरीक्षेवरून केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाचा पाठिंबा असलेल्या अभ्यासक्रमांना. नाहीतर पुणे विद्यापीठात किंवा नाशिकमध्येच. त्यानंतर सीएसआयआर-नेट. लाइफ सायन्सेसच्या त्या पेपरात शेवटचा भाग ७५ प्रश्नांचा, त्यातले २५ सोडवायचे, प्रत्येकी चार गुण. म्हणजे निम्मे गुण तिथेच. आणि ते प्रश्न प्रयोगाचे असतात. इथेही लॅबमधलीच मुलं पुढे जातात.

तुमच्या कॉलेजात नव्या धोरणाप्रमाणे चौथं वर्ष सुरू होत असेल तर त्याचीही चौकशी कर. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के असतील तर संशोधनासह ऑनर्स करता येतं. आणि २०२२च्या यूजीसी नियमांनुसार चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के मिळाले तर एमएस्सीशिवायही पीएचडीला अर्ज करता येतो. टक्केवारीचा हिशोब कॉलेजच्या ऑफिसात जाऊन पक्का करून घे, सीजीपीएवरून मनानं काढू नकोस.

परदेशाबद्दल थोडक्यात, कारण या वर्षी ती तुझी वाट आहे असं मला वाटत नाही. अमेरिकेत पीएचडीला मास्टर्स लागतंच असं नाही, पण तीन वर्षांची पदवी काही विद्यापीठं मानतात, काही मानत नाहीत. बऱ्याच ठिकाणी अर्जाची मुदत डिसेंबरच्या सुरुवातीला संपते. अनेक विभागांनी जीआरई ही प्रवेशपरीक्षा काढून टाकली आहे आणि तिची बायोलॉजीची विषयपरीक्षा तर २०२१नंतर बंदच झाली. तरी कन्सल्टन्सी तिचे क्लास विकत असेल तर सावध हो. २०२५मध्ये तिथे संशोधनाच्या सरकारी निधीला कात्री लागली आणि कित्येक विभागांनी जागा कमी केल्या, हेही ध्यानात घे. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नसते हे खरं, पण व्हिसासाठी वर्षभराचा खर्च आधी खात्यात अडकवून दाखवावा लागतो. सप्टेंबर २०२४पासून ती रक्कम ११,९०४ युरो आहे, म्हणजे दहा लाखांच्या वर. शिवाय एपीएस, म्हणजे आपली शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचं प्रमाणपत्र. आणि तिथे पीएचडीला सहसा मास्टर्स लागतंच. इथून एमएस्सी करून, मग पगारी पीएचडीसाठी तिकडे अर्ज करणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यांच्या घरच्यांना जमीन गहाण ठेवावी लागली नाही.

शिफारसपत्राचं बोलू. "तूच लिहून आण, मी सही करतो," असं सर म्हणतील. बहुतेक ठिकाणी म्हणतातच, त्यात त्यांचा वाईट हेतू नसतो, वेळ नसतो. तू पत्र लिहू नकोस. त्याऐवजी एका पानावर मुद्दे दे: प्रोजेक्टमध्ये काय काय केलं, कुठली अडचण आली आणि ती कशी सोडवली, त्यांच्या कुठल्या तासाला कुठला प्रश्न विचारला होता, सुट्टीतही लॅबला कधी आलीस. त्यावरून ते स्वतः दहा ओळी लिहितील आणि त्या दहा ओळी कन्सल्टन्सीच्या दोन पानांना भारी पडतील. परदेशी अर्जात पत्र थेट शिक्षकांनीच अपलोड करायचं असतं. तेव्हा कॉलेजचा ईमेल वापरा अशी विनंती कर, जीमेलवरून आलेल्या पत्राकडे संशयानं बघतात. आणि निदान एक पत्र अशा माणसाचं हवं ज्यानं तुला हातानं काम करताना पाहिलंय. प्राचार्यांचं पत्र दिसायला मोठं, पण त्यांनी तुला प्लेट लावताना कधी पाहिलंय?

एसओपी शेवटी लिही, आणि स्वतः. "लहानपणापासून मला विज्ञानाची आवड होती" हे वाक्य काढून टाक. सुरुवात अशी कर: आमच्या बागेत दोन हंगाम डाऊनीनं नुकसान केलं, मी तिच्यावर काम करायला गेले आणि कळलं की ती प्लेटवर वाढत नाही, म्हणून मी पानांच्या चकत्यांवर प्रयोग लावला, त्यात हे दिसलं, हे कळलं नाही, आणि ते समजून घ्यायला मला अमुक लॅबमध्ये यायचंय. ही गोष्ट दुसऱ्या कुणाची असूच शकत नाही. इंग्रजी साधं असू दे, व्याकरण कुणाकडून तरी तपासून घे.

मराठी माध्यमाचं भय मी समजू शकते. पण निवड समितीत बसलेल्यांतही लहान गावांतून, मराठी-कन्नड-तमिळ शाळांतून आलेली माणसं असतात. ते उच्चार ऐकायला बसलेले नसतात. तुझं कॉलेज साधं आहे म्हणून ते थांबत नाहीत. "कंट्रोल कुठला होता?" या प्रश्नाला मुलगा गप्प बसला की मात्र थांबतात. रोज दहा मिनिटं एका मैत्रिणीला समोर बसवून, हातात कागद-पेन घेऊन, तुझा प्रोजेक्ट इंग्रजीत सांग. तिनं मध्येच तोडून प्रश्न विचारायचे. महिनाभरात फरक पडेल.

मामा म्हणतात ते धुडकावून लावू नकोस. पीएचडीनंतर कायम नोकरी मिळेलच असं नाही. आपल्या राज्यात कॉलेजच्या जागा वर्षानुवर्षं रखडतात, आणि डॉक्टरेट केलेली माणसं तासिका तत्त्वावर शिकवताना मी रोज बघते. याचा मला त्रास होतो आणि तुझ्यापासून ते लपवणार नाही. म्हणून पीएचडी कर ती त्या पाच वर्षांच्या कामासाठीच, आणि ती पगारी असेल तरच. तेवढ्या काळात पदरात पडणारी कौशल्यं द्राक्ष, बियाणं, जैविक औषधं, निदान प्रयोगशाळा, अशा ठिकाणीही चालतात. बी.एड. नंतरही करता येईल, हे मामांना सांग. वडिलांना ३७,००० चा आकडा आणि ११,९०४ युरोंचा आकडा एकाच कागदावर लिहून दाखव. त्यांना हिशोब कळतो, बाग चालवतात ते. राज्य सरकारच्या सारथी, बार्टी, महाज्योती या संस्था पीएचडीसाठी अधिछात्रवृत्ती देतात. तुम्ही कुठल्या प्रवर्गात बसता त्याप्रमाणे चौकशी करून ठेवा, वेळेवर जातीच्या दाखल्यासाठी धावपळ नको.

राहिलं टोकन. कन्सल्टन्सीला लेखी मेल पाठव की मला सेवा नको, पाच हजार परत करा, आणि पावतीची प्रत जोड. पावतीवर काय अटी छापल्यात त्या आधी वाच. परत मिळाले तर उत्तम. नाही मिळाले तर ते गेले असं समज, पण ते वसूल व्हावेत म्हणून पुढचा हप्ता भरू नकोस. तुझी मूळ गुणपत्रकं किंवा पासपोर्ट त्यांच्याकडे ठेवला असशील तर पैशांच्या गोष्टी बोलायच्या आधी, वडिलांना सोबत घेऊन, ते हातात घेऊन ये.